वस्तादांकडे तोंड करून

सोमवार, ३ फेब्रुवारी

पाय सुजलेत. सकाळी सातपासून काउंटरवर उभी. खिडकीपाशी नेहमीचा फोनवाला — एका कॉफीवर चार तास बसतो आणि अख्ख्या दुकानाला आपल्या मीटिंगा ऐकवतो. कोपऱ्यात एक जोडपं होतं. ती रडत होती, तो चमच्याने फेस खात होता. आधी ती उठून गेली, मग तो. कप मी उचलले.

तीन ऑर्डरी चुकल्या आज. बिनसाखरेवाल्या बाईंना गोड कॉफी गेली, त्यांनी सगळ्यांदेखत माझी हजेरी घेतली. माफ करा, माझीच चूक, म्हटलं. माझी नव्हती. मी स्पष्ट सांगितलं होतं वस्तादांना.

वस्ताद म्हणजे आमचे कॉफी करणारे. एकोणीस वर्षं त्या मशीनसमोर काढलीत त्यांनी. त्यांचं खरं नाव आता कोणी घेतच नाही. त्यांच्या हातून चूक?

मंगळवार, ४

आणखी दोन चुकल्या. घरी आल्यावर नवऱ्याने विचारलं, एवढी गप्प का? बोलायचंसुद्धा त्राण नव्हतं.

गुरुवार, ६

कळलं! मी गिऱ्हाइकाकडे तोंड ठेवून ऑर्डर सांगितली की चुकते. वस्तादांकडे वळून सांगितली की बरोबर येते. दिवसभर पडताळून पाहिलं. एकदा मुद्दाम मागून हाक मारली. ते दूध तापवत राहिले.

दुपारी कोठीत गाठलं त्यांना. समोर उभी राहून विचारलं, तुम्हाला ऐकू येतंय ना? हातातली बियांची पिशवी त्यांनी खाली ठेवली. डावा कान दोन वर्षांपूर्वीच गेला म्हणाले, उजवा आता जातोय. ओठ बघून भागवतात. घरीसुद्धा सांगितलेलं नाही.

"कोणाला बोलू नका, ताई. मला दुसरं काही येत नाही."

मी मान हलवली. मान हलवायला काय लागतं?

रविवार, ९

रांग दारापर्यंत. प्रत्येक ऑर्डरीला वळायचं, वस्तादांकडे तोंड करून सावकाश सांगायचं, परत पुढच्या गिऱ्हाइकाकडे. मानेचा पार भुगा झाला. पण चूक एकही नाही! फोनवाला म्हणाला, तुम्ही त्यांच्याशी पहिलीच्या बाईंसारख्या का बोलता? सवय, म्हटलं.

मागच्या आठवड्यातल्या चुका कोणाच्या, असं मॅनेजरांनी विचारलं. माझ्या, म्हणाले मी. पुन्हा नकोत, म्हणाले ते.

बुधवार, १२

मावशींचा हात भाजला. भांडी धुणाऱ्या आमच्या मावशी. कपांचा ट्रे घेऊन वस्तादांच्या पाठीमागून चालल्या होत्या. नेहमीसारखं म्हणाल्यासुद्धा, मागून येतेय. वस्ताद उकळत्या दुधाचं भांडं घेऊन वळले.

कोपरापर्यंत सगळं लालभडक. ओरडल्या नाहीत. मी हात नळाखाली धरला, तर मलाच सांगत होत्या, "मी बोलले होते गं, मागून येतेय म्हणून." जसं काही त्यांचंच चुकलं.

वस्ताद रिकामं भांडं धरून उभे. मावशींचं तोंड नळाकडे, त्यामुळे त्या काय बोलतायत ते त्यांना कळत नव्हतं. मला कळत होतं.

मॅनेजर मावशींना इस्पितळात घेऊन गेले. वस्तादही गाडीत बसले.

गुरुवार, १३

मावशींना आठ दिवस तरी ठेवतील. जेवण गेलं नाही. सहा दिवस मला माहीत होतं. सहा दिवस!

शुक्रवार, १४

सांगून टाकलं. सकाळी मॅनेजरांच्या खोलीत जाऊन सगळं — कान, चुकलेल्या ऑर्डरी, मी अंगावर घेतलेला दोष. त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं.

"तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

मागच्या गुरुवारपासून, म्हटलं. जा, गिऱ्हाइकं थांबलीत, म्हणाले ते. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

पाळी संपल्यावर वस्तादांनी एप्रनची घडी केली, मशीन पुसलं, आणि माझ्याकडे न बघता गेले. त्यांच्या पोटावर मीच पाय आणला.

सोमवार, १७

मशीनवर नवीन बाई आल्यात. हात चलाख आहे. मी अजून दर ऑर्डरीला वळून, तोंड मोठं करून सांगते. "मला येतं हो ऐकू," म्हणाल्या आज.

मावशींना भेटून आले. वस्ताद रोज येऊन बसतात म्हणे त्यांच्याजवळ. माझ्याकडे मात्र अजून फिरकले नाहीत.

शनिवार, २२

वस्ताद आले. गिऱ्हाइकासारखे रांगेत उभे राहून. मी त्यांच्याकडे तोंड करून म्हटलं, मॅनेजरांना मी सांगितलं, मला माफ करा. त्यांनी माझे ओठ नीट पाहिले, आणि त्यांचा चेहराच उतरला.

"कशाला सांगितलंत, ताई? मी बुधवारीच सांगितलं होतं त्यांना, इस्पितळात. शुक्रवार माझा शेवटचा दिवस, हे तेव्हाच ठरलं होतं. म्हटलं होतं, काउंटरवरच्या ताईंना यातलं काही ठाऊक नव्हतं."