अक्षरांखालचा रंग

बाबा, मागच्या आठवड्यात आपल्या गॅरेजात एक मरून गाडी आली, तेव्हापासून तुम्हाला लिहायचं मनात आहे. तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली. गॅरेज अजून परळच्या त्याच गल्लीत आहे. समोरच्या गिरणीच्या जागी काचेचा टॉवर आलाय, त्यामुळे दुपारी दीडपर्यंत आपल्या दारात ऊन येत नाही. रंग उन्हात बघावा, ट्यूबलाइटखाली बघू नये, असं तुम्ही सांगायचात. त्यामुळे आता रंगाचं सगळं काम मी दीडनंतर ठेवतो. तेवढं तुमचं ऐकतो.

गाडी लालबागच्या एका बाईंची. त्यांच्या नवऱ्याचा ड्रायव्हिंग स्कूलचा धंदा होता, अर्ध्या लालबागला त्याने गाडी शिकवली. तो गेला, वर्ष होत आलं. गाडीच्या दारावर रेडियमच्या मोठ्या अक्षरांत त्याचं नाव, खाली स्कूल, खाली फोन नंबर. बाई म्हणाल्या, "गाडी विकायची नाही मला. मीच चालवते. पण सिग्नलला लोक काच ठोठावतात आणि फी विचारतात. रविवारी वर्षश्राद्धाला गावी निघायचंय. त्यांच्याच श्राद्धाला त्यांच्याच नावाची पाटी मिरवत जाऊ का मी?" मी म्हटलं, दोन दिवसांत साफ करून देतो. काम सोपं वाटलं होतं. हीट गनने अक्षरं गरम केली, मागून तंगूसाचा दोरा ओढून एकेक सोडवलं, चिकटा घासलेटने पुसला. मागच्या डिकीवरही नाव होतं, तिथल्या खुणा तर पॉलिशने नुसतं घासूनच गेल्या. दाराची बाजू मात्र गाडी लावायच्या जागी बारा वर्षं पश्चिमेच्या उन्हात उभी होती. सगळा पत्रा उन्हाने विटलेला, आणि जिथे अक्षरं होती तिथे कंपनीतून आला तसा गडद मरून. नाव पुसायला घेतलं आणि ते आणखी ठळक झालं. संध्याकाळी बाई बघायला आल्या तर दारासमोर उभ्याच राहिल्या. "अहो, हे तर आधीपेक्षा जास्त वाचता येतंय," म्हणाल्या, आणि पदर तोंडाला लावून बाहेर गेल्या.

दुसऱ्या दिवशी मी मशीन लावून भोवतालचा विटलेला थर घासायला घेतला. अक्षरं फिकी होत गेली तशी मला घाई सुटली. आणि दाराच्या मधोमध जी उभार रेघ असते ना, तिथे पॅड जरा जास्त फिरलं. रंगाखालचा राखाडी प्रायमर वर आला. तुम्ही किती वेळा ओरडला होतात त्यावरून! "कडेवर हात हलका ठेव रे, कड पहिली उघडी पडते." मी विशीतला होतो तेव्हाही हेच करायचो, आणि आता सत्तावन्नाव्या वर्षीही तेच केलं. आता पूर्ण दार रंगवण्याशिवाय मार्ग नव्हता. गाडीवरच्या रंगाच्या कोडवरून दुकानातून मशीनवर रंग काढून आणला, पत्र्याच्या तुकड्यावर मारला, सुकवला, गाडीला लावून बघितला. जुळेना. पुन्हा आणला, थोडा पांढरा घालून बघितला, तर गुलाबी झाक आली. शुक्रवार उजाडला. तेव्हा मी बहिणीला फोन केला.

बाबा, तिला बोलवायचं मला नको वाटत होतं, हे लिहितानाही वाटतं. तिची नजर आणि माझा हात, असं तुम्ही येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचात, आणि तुम्हाला वाटायचं की दोघांची वाटणी सारखी झाली. हात काय, कोणाचाही तयार होतो. लालबागच्या खोलीत आपण तिघं जेवायला बसलेलो आहोत, आई वाढते आहे. तुम्ही सोलकढीची वाटी खिडकीकडे धरून विचारता, "कुठला रंग हा?" मी लगेच म्हणतो, "गुलाबी." ती वाटी हातात घेते, फिरवते, आणि म्हणते, "गुलाबी नाही हो बाबा. पांढऱ्यात लाल आहे, पण आमसुलाचा, म्हणून आत कुठेतरी करडा आहे." तुम्ही हसता. आईला म्हणता, "ऐकलंस?" आई म्हणते, "कढी प्या मेली, निवते." सोलकढी थंडच असते, ती निवायची काय! पण तुमचा तो चेहरा मी तेव्हा बघितला तसा माझ्यासाठी कधी बघितला नाही. त्या दिवाळीला तिला तुम्ही गिरगावातून रंगांची पेटी आणलीत. मला गमबूट. गॅरेजात पाण्यात काम असतं म्हणून, हे मला समजत होतं. तरी मी ते बूट चार महिने घातले नाहीत, आणि पायांना चिखल्या करून घेतल्या.

मग ती दुपारचा डबा घेऊन गॅरेजात यायला लागली आणि येता येता रंग मिसळायला लागली. मी ओल्या वॉटर पेपरने पत्रा घासत बसलेलो असायचो, कोपरापर्यंत चिखल, आणि मागून तुमचा आवाज, "पोरी, बघ जरा, पिवळा जास्त झाला का?" ती अठराची होती. गिऱ्हाईकं तिला बघायला थांबायची. एकदा कोणी म्हणालं, "गॅरेज मुलगीच चालवणार वाटतं," आणि तुम्ही नाही म्हणाला नाहीत. मी वाट बघत होतो की तुम्ही नाही म्हणाल.

आता ते सांगतो. गिरगावच्या एका डॉक्टरांची कबुतरी रंगाची गाडी होती, तिचं एक दार करायचं होतं. त्या दिवशी सकाळीच येऊन तिने रंग जुळवला, तुम्ही उन्हात बघून मान डोलावलीत, ती घरी गेली, तुम्ही चहाला गेलात. मला रंग गाळून ठेवायला सांगितलं होतं. मी जुन्या लुगड्याच्या फडक्यातून तो गाळला आणि त्यात काळ्याचा एक छोटा चमचा ओतला. ओल्यात कळू नये, इतकाच. तुम्ही सावलीत बसून दार मारलंत. दुसऱ्या दिवशी उन्हात ते दार दुसऱ्याच गाडीचं आणून बसवल्यासारखं दिसत होतं. डॉक्टर सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं बोलले. ते गेल्यावर तुम्ही तिला शांतपणे म्हणालात, "नजर चुकते पोरी, माझीही चुकते." ती म्हणाली, "माझी नाही चुकली." आणि तुम्ही, जे तिला कधी टाकून बोलला नव्हतात, म्हणालात, "रंग खोटं बोलत नाही." त्यानंतर ती गॅरेजात आली नाही. पोस्टाची परीक्षा दिली, लागली, लग्न होऊन शीवला गेली. पुढच्या महिन्यात तुम्ही स्प्रेची गन माझ्या हातात दिलीत. ती मी अशी मिळवली.

तर शुक्रवारी तिला फोन केला. "जरा येशील का गॅरेजवर?" मी विचारलं. ती घाबरली, "कोणाला काय झालं?"

"काही नाही गं. एक रंग जुळत नाहीये."

ती म्हणाली, "तुझ्याकडे ऊन किती वाजता येतं आता?"

दीडला बरोबर आली. पोस्टातून मुदतीआधीच निवृत्ती घेतलेली, गुडघे दुखतात, हातात कापडी पिशवी. बॉनेट बघितलं, डिकी बघितली, मागचं दार बघितलं. बोट ओलं करून पत्र्यावर फिरवलं. मग म्हणाली, "दादा, तू आणलायस तो गाडी नवी होती तेव्हाचा रंग. अक्षरांखालचा. गाडी आता तशी राहिली नाही. तिचा आजचा रंग कर." तिने स्टूल ओढलं, पदर खोचला, डबे मागितले. पांढरा तिने घेतलाच नाही. किंचित पिवळा, किंचित तपकिरी. मी काळ्याचा डबा उघडायला घेतला तर मान वर न करता म्हणाली, "काळा मी घालते. तू हात लावू नकोस."

माझ्या हातातलं झाकण तसंच राहिलं. मी विचारलं, "तुला कधी कळलं?"

"डॉक्टर ओरडून गेले त्याच दिवशी. काळ्याच्या डब्याच्या कडेवर ताजा ओघळ होता. बाबांनी बघायच्या आत पुसला मी."

"मग बोलली का नाहीस?"

"वाटलं तू सांगशील. एक-दोन दिवसांत." तिने पट्टीने रंग ढवळला, पट्टी उचलून उन्हात धरली. "मग दहा वर्षं चिडून होते. नंतर पोरं, बदल्या, सासूचं आजारपण. चिडायलासुद्धा वेळ लागतो रे. चल, हा मारून बघ."

मी काहीतरी बोलायला हवं होतं. "चुकलं माझं" एवढं तरी. मी गन धुवायला घेतली. दार मी मारलं, आणि शेजारच्या पत्र्यावर रंग हलका हलका विरत सोडला, तुम्ही शिकवलंत तसा. ती स्टूलावर बसून राहिली. शनिवारी दुपारी पॉलिश करून गाडी उन्हात काढली तेव्हा ती पुन्हा आली होती, आपणहून. दार कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं ते मलाही सांगता आलं नसतं.

बाई आल्या. वाकून आडव्या नजरेने दाराकडे बघितलं, मग नाव होतं त्या जागेवरून तळवा फिरवला, डावीकडून उजवीकडे, वाचल्यासारखा. "गेलं," म्हणाल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "आता सिग्नलला कोणी विचारणार नाही." मग डोळे पुसून माझ्याकडे वळल्या. "वडिलांचा हात आलाय हो तुमच्यात. आमचे हे सांगायचे तुमच्या वडिलांबद्दल."

एरवी मी मान लववून ऐकून घेतलं असतं. कितीतरी वर्षं घेतलंच. या वेळी म्हणालो, "रंग हिने जुळवलाय. बाबांच्या वेळीही हीच जुळवायची." सदतीस वर्षं उशीर झाला होता, पण बोललो. बहिणीने माझ्याकडे बघितलं नाही. बाईंनी तिचे दोन्ही हात हातात घेतले. त्या दोघी तशाच उन्हात उभ्या राहिल्या, आणि मी बाजूला फडकं घडी करत होतो.

हे तुमच्यापर्यंत पोहोचणार नाही, म्हणून लिहायला सोपं गेलं. तुम्ही असता तर कदाचित याही वेळी माझी जीभ उचलली नसती. मला वाटलं होतं, बोलून टाकलं की छातीतलं ते जळणं थांबेल. नाही थांबलं. ती स्टूलावरून उठून, गुडघा धरून, सोलकढीची ती वाटी फिरवून बघितली होती तशी उन्हात त्या दाराकडे बघत होती, आणि माझ्या मनात पहिला विचार आला तो असा: बरं झालं, हे बघायला बाबा नाहीत.