स्मरणिकेतलं पत्र

सांगली,
१४ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. रेश्मा हिस,
लियाकतचाचाचे अनेक आशीर्वाद. जावईबापू आणि मुलं मजेत असतील. साताऱ्याला थंडी पडली असेल, इथं अजून पंखा लागतो.

दिवाळीत तू फोनवर विचारलंस, "चाचा, लिहिणं सोडलं म्हणे, खरं का?" खरं आहे. सव्वीस वर्षं पुरवण्यांतले लेख, मानपत्रं, स्मरणिका, पुढाऱ्यांची आत्मचरित्रं लिहिली. पुढारी स्वतःचं आयुष्य पहिल्यांदा माझ्या तोंडून ऐकायचे आणि डोळे पुसायचे. आता रहिमतपूरचं घर बंद करून आम्ही सांगलीला आलो. महेजबीनचाचीच्या भावाचं गाद्यांचं दुकान आहे. तो थकलाय, म्हणून मी चालवायला घेतलंय. आमच्या अब्बांचा हाच धंदा होता आणि कापसानं शिंका येतात म्हणून मी त्यातून पळालो होतो. आता त्रेपन्नाव्या वर्षी टाके घालायला शिकतोय. परवा पहिली गादी भरली. ती एका अंगाला एवढी फुगली की महेजबीन म्हणाली, "ह्याच्यावर झोपणारा सकाळी खाली सापडंल."

लोकांना मी सांगतो, पुरवण्या बंद पडल्या, मानपत्र हल्ली मोबाईलच लिहून देतो, माझे डोळेही अधू झाले. यातलं काहीच खोटं नाही. पण मी लिहिणं सोडलं ते सप्टेंबरात तुझ्या माहेरून आल्यावर. हे महेजबीन सोडून कुणाला माहीत नाही.

तुझ्या भावाची, विश्वजीतची वही सोबत पाठवतोय. सात वर्षं माझ्याकडेच राहिली, माफ कर. त्याच्या शेवटच्या पत्राची मूळ प्रत तू मागितली होतीस. त्याबद्दल लिहायचंच आहे.

त्याच्या पुण्यस्मरणाला तू नव्हतीस, तुझ्या धाकट्या मुलाला ताप होता. हार घालून झाला, भजन झालं, मग तुझ्या आईनं, बनुवहिनींनी, देव्हाऱ्यातून फडक्यात बांधलेली स्मरणिका काढली. मी सात वर्षांपूर्वी लिहिलेली. त्यातलं विश्वजीतचं पत्र वाचायला त्यांनी ती तुझ्या धाकट्या भावाच्या, ऋषिराजच्या हातात दिली. त्याला पानाकडे बघायची गरजसुद्धा नव्हती, इतकं पाठ झालंय. "आई, माझं काही बरंवाईट झालं तर रडत बसू नकोस. ऋषीला फौजेत घाल. माझी वर्दी त्याच्या अंगावर दिसावी, एवढंच माझं मागणं." सगळा मांडव डोळे पुसत होता.

वहिनी माझ्याकडे वळून म्हणाल्या, "ऐकलंसा न्हवं भावजी, माझ्या लेकाचा शब्द? डिसेंबरात भरती हाय. शिरवळच्या कंपनीतलं काम सोडाय लावलंय मी ह्याला. थोरल्यानं मागितलंय, आमी न्हाई कसं म्हणायचं?"

ऋषिराजनं मला मोटारसायकलवरून वडूजच्या स्टँडवर सोडलं. एसटी लागल्यावर म्हणाला, "चाचा, मला न्हाई जायचं. भ्या वाटतंय म्हणून न्हवं. मशीनवरचं काम मला लय आवडत हुतं, अन् आई एकटी पडंल. पन दादाच्या शब्दाफुडं मी काय बोलू?"

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि गाडीत जाऊन बसलो. रेश्मा, तिथंच बोलायला हवं होतं.

ते पत्र विश्वजीतनं लिहिलेलं नाही. ते मी लिहिलं.

वही उघडून बघ. त्यात पळण्याच्या वेळा आहेत, चार जणांचे नंबर आहेत, बाकी पानं कोरी. तुम्ही विश्वासानं त्याची ट्रंक माझ्यापुढं ठेवलीत आणि तीत माझ्या उपयोगाचं काहीच निघालं नाही. स्मरणिकेची दोन पानं मोकळी होती, प्रकाशनाला पाहुणे ठरले होते, छापखान्यातून सारखा फोन येत होता. मी एका बैठकीत ते पत्र लिहिलं. वर 'काल्पनिक पत्र' अशी ओळ होती. ती छापखान्यानं गाळली, असं मी आत्ता इथं लिहिलं आणि खोडलं. खाडाखोड तुला दिसेलच. ती ओळ मीच गाळली. प्रूफ बघताना वाटलं, हिच्यामुळं पत्राचा जोर जातोय. आपलं लिहिलेलं वाचून लोक रडले की मला बरं वाटायचं. तू प्रकाशनाच्या दुसऱ्या दिवशी मूळ पत्र मागितलंस तेव्हा ते छापखान्यात आहे म्हणालो, आणि या दिवाळीत पुन्हा विचारलंस तेव्हा घर आवरताना शोधतो म्हणालो.

ऋषी तेव्हा बारा वर्षांचा होता. त्याचं नाव घातलं की पत्र खरं वाटेल, एवढाच विचार मी केला. तो मोठा होईल हे डोक्यातच आलं नाही.

फौजेत जाणं वाईट, असं मी म्हणत नाही. तुमच्या गावात घरटी एक जण आहे. पण जायचं तर त्यानं स्वतःच्या मनानं जावं. आणि वहिनींचं काय जाणार आहे तेही मला कळतं. गेलेल्या लेकाचं एवढंच त्यांच्याजवळ उरलंय असं त्या समजतात, आणि तेच मी काढून घ्यायला निघालोय. त्या भीतीनं दोन महिने नुसता सुई चालवत बसलो. वहिनींचा चेहरा डोळ्यांपुढून जात नाही.

परवा रविवारी विट्यावरून गावी येतो, अकरापर्यंत पोचेन. तूही ये. वहिनींना आधी काही सांगू नकोस, हे माझ्याच तोंडून त्यांनी ऐकायला हवं. तू फक्त त्यांच्या शेजारी बस. ऋषीलाही घरीच थांबव. नंतर मला उंबऱ्याबाहेर काढलंत तरी मी तक्रार करणार नाही.

घर हलवताना त्या वेळचं एक टिपण सापडलं. मी विश्वजीतची पत्रं मागितली तेव्हा वहिनी जे म्हणाल्या ते जसंच्या तसं उतरवलेलं: "लिवायचा न्हाई वं तो कदी. फोन करायचा. अन् पैलं इचारायचा, आये, जेवलीस का? मी न जेवताच व्हय म्हणायची." हे मी छापलं नाही, रेश्मा. दोन पानं भरायला फारच थोडं वाटलं. ते टिपण रविवारी घेऊन येतोय. दुसरं देण्यासारखं माझ्याजवळ काही नाही.

त्या पत्राखाली तुझ्या भावाचं नाव छापलं होतं. तिथं हवं होतं ते नाव,

लियाकत हुसेन नदाफ