सतरा डंपर माती

४ फेब्रुवारी

आले एकदाचे! सकाळी सातला पोकलेन दारात. फाटकातून आत शिरेना, म्हणून फाटकच काढून ठेवलं. सहा माणसं, पांढरे झगे, तोंडाला मुखवटे — माती खणायला आलेत की चंद्रावर निघालेत, कळेना. इंजिनीअरबाई सगळ्यांत लहान आणि सगळ्यांना दटावणारी. मला म्हणाली, "आजी, खिडक्या बंद. आणि परसात पाऊल टाकायचं नाही." माझ्याच घरात मला दम! पण बरं वाटलं. किती दिवसांत कुणी दम दिला नव्हता.

ह्यांचा मुलाम्याचा कारखाना परसातल्या पत्र्याच्या शेडमध्ये होता. नळ, सायकलींची हँडलं, पलंगांचे गोळे — सगळं चकचकीत करून द्यायचे. हे जाऊन सहा वर्षं झाली, शेडही मोडली, पण मुलाम्याच्या टाकीतलं पाणी मातीत मुरलं ते मुरलंच. क्रोम म्हणतात त्याला. दोन वर्षांपूर्वी माझ्या नातीच्या, चिमणीच्या, हातापायांवर चट्टे उठले, मग माती तपासली, आणि सूनबाईने त्याच आठवड्यात तिला उचलून दुसरीकडे खोल्या घेतल्या. मुलगा बिचारा मागोमाग गेला. "आई, माती स्वच्छ झाली की त्या दिवशी येऊ. त्याआधी नाही." मी महिनाभर तिच्याशी बोलले नव्हते! सगळे अर्ज तिनेच केले, हेलपाटे तिनेच घातले. आज मनातल्या मनात तिला हात जोडले. तोंडावर म्हणायला जीभ रेटत नाही.

५ फेब्रुवारी

दोन हात खणल्यावर माती पिवळी लागली. हळदीसारखी! पोकलेनवाला यंत्राशी बोलतो — "चल गं राणी, हळू." राणी ऐकते. माझं या घरात कधी कुणी इतकं ऐकलं नाही.

७ फेब्रुवारी

किती निगुतीने करतात सगळं! डंपर भरला की वर ताडपत्री, दोऱ्या आवळायच्या, मग चाकं धुवायची — ते धुतलेलं पाणीसुद्धा पिंपात भरून नेतात. रस्त्यावर एक थेंब नाही. मग चार प्रतींचा कागद, त्यावर माझी सही. एक प्रत माती पुरायच्या डेपोवरून शिक्का मारून परत येते, माती तिथे पोचल्याची खूण म्हणून.

इंजिनीअरबाईने विचारलं, "शेडमागच्या फुटक्या मोरीशिवाय आणखी कुठे जायचं का टाकीचं पाणी?"

मी म्हटलं, "नाही."

तिने लिहून घेतलं.

८ फेब्रुवारी

आज काही लिहावंसं वाटत नाही.

१० फेब्रुवारी

शेजारीण कुंपणावरून डोकावली. "तुमच्या ह्यांनी काय विष पेरून ठेवलं हो!" मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. संध्याकाळी मुलाचा फोन. तोही तेच — "बाबांनी तेव्हा जरा विचार केला असता तर..." मी म्हटलं, भाजी करपतेय, ठेवते. भाजी केलीच नव्हती.

मिशीवाला डंपर-ड्रायव्हर मात्र भला माणूस. जाताना रोज हात हलवतो. म्हणाला, "आजी, तुमच्या नातीच्या वाटेवरचा एक डंपर कमी झाला बघा." आत येऊन रडले. एवढी परकी माणसं आपल्यासाठी राबतात, आणि आपण त्यांना साधा चहासुद्धा देऊ शकत नाही. मुखवटा काढायची परवानगी नाही ना!

१३ फेब्रुवारी

सतरावा आणि शेवटचा डंपर. हट्टच धरला — मला बघायचंय, कुठे पुरतात ते. इंजिनीअरबाईने आधी डोळे वटारले, मग आपल्या गाडीत बसवलं.

मला वाटलं होतं, कचऱ्याचा डोंगर असेल, घाण असेल, कावळे असतील. तसलं काही नाही! प्रचंड मोठा खड्डा, पण कसा — घासून ठेवलेल्या परातीसारखा. तळाला चिकणमाती, त्यावर जाड काळं प्लास्टिक, सांधे वितळवून जोडलेले. पाऊस मुरला तर ते पाणी खालच्या नळ्यांतून वेगळं काढतात. आधी वजनकाटा, मग नमुन्याची बाटली, मग कागद. आमची पिवळी माती घसरत खाली गेली, रोलर फिरला, वर दुसरी माती पसरली. तिथला मुकादम म्हणाला, "आता ही इथून कुठे जात नाही, आजी. निर्धास्त राहा." त्याचा हात धरून मी किती वेळ उभी होते कोण जाणे. त्याने सोडवून घेतला नाही.

काट्यावरच्या कारकुनाने शेवटचा कागद पुढे केला. 'कचरा कोणाकडून झाला' या रकान्यात त्याने ह्यांचं नाव आधीच लिहून ठेवलेलं. "खाली सही करा."

केली.

१७ फेब्रुवारी

खड्डा बुजवला. नवी तांबडी माती, भुसभुशीत! अनवाणी चालून पाहिलं. इंजिनीअरबाईचं लक्ष नव्हतं म्हणून जमलं.

२० फेब्रुवारी

बुजवण्याआधी घेतलेले खड्ड्याच्या तळाचे नमुने स्वच्छ! मोरीच्या बाजूचेही स्वच्छ! जीव भांड्यात पडला. सूनबाई फोनवर हसली की रडली, समजलं नाही. शनिवारी येतात. शेवटी म्हटलंच तिला — "तू हट्ट धरलास म्हणून झालं गं. माझी अक्कल तेव्हा कुठे गेली होती?" ती म्हणाली, "राहू द्या हो आई." बस, एवढंच. पण दोन वर्षांचं ओझं उतरलं.

पोकलेनवाल्याने फाटक परत बसवून दिलं. आता ते कुरकुरतही नाही.

२१ फेब्रुवारी

मुलगा आजच येऊन झोपाळा बांधून गेला. स्वयंपाकघराच्या पायऱ्यांशी. मी म्हटलं, दुसरीकडे बांध. म्हणाला, "दुपारची सावली इथेच असते, आई."

चादरी धुतल्या. चिमणीची उशी उन्हात घातली. सगळ्यांचे किती उपकार! हे असते तर... पुरे.

२२ फेब्रुवारी

सूनबाईने गाडीचं दार उघडलं. मी म्हटलं, "चिमणीला खाली उतरवू नकोस."

मग तिथेच, रस्त्यावर उभ्या उभ्या सांगितलं. मोरी फुटली ते कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. पायऱ्यांशी टाकीचं पाणी मी ओतलंय. जाणूनबुजून. पिंपं नेणारी गाडी महिन्यातून एकदा यायची, पिंप भरलं की काम बंद पडायचं, आणि ह्यांना रिकामं बसलेलं मला बघवायचं नाही. हे माल पोचवायला गेले की दोन-दोन बादल्या. अकरा वर्षं. ह्यांना कधीच कळलं नाही, आणि सगळ्यांनी नाव मात्र त्यांचं घेतलं. मी घेऊ दिलं.

सूनबाईने चिमणीचा पट्टा पुन्हा लावला, इंजिनीअरबाईचा नंबर फिरवला आणि फोन माझ्या हातात दिला.