पंख्याची बादली

बाबा, आपले ते साहेब भेटले. पत्र्याच्या परमिटवाले. धंतोलीत, डोळ्यांच्या दवाखान्यात. आईचा मोतीबिंदू पिकलाय, तिला दाखवायला नेलं होतं. ती आत गेली, मी बाहेर बाकावर बसले, तर शेजारचा म्हातारा एका डोळ्यावर हिरवी पट्टी लावून दुसऱ्या डोळ्यानं माझ्याकडे टक लावून पाहून राहिला होता. मला वाटलं, वय झालं तरी काय ही नजर! मग तो म्हणाला, "आत गेल्या त्या बादलीवाल्याच्या घरच्या ना? मंग तू मोठी पोरगी." आणि हसला. ते हसणं मी ओळखलं. लहानपणी आपल्या दुकानात ऐकलेलं हसणं मी कशी विसरणार? त्या दिवसापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, पण भांडायला मला अजून तुमच्याइतकं जवळचं कोणी मिळालेलं नाही, म्हणून लिहायला बसले.

आधी कूलरचं बोलू. तेव्हा आपल्या गल्लीत सगळे एकच करायचे, बादल्या, पेट्या आणि धान्याच्या कोठ्या. सकाळपासून ठोकाठोक, शेजारच्याशी बोलायचं तर ओरडावं लागे. तुम्हीही तेच करायचात. पण उन्हाळा लागला की तुमचं लक्ष बादलीत नसायचं. पैसेवाल्यांच्या खिडक्यांना वाळ्याची ताटी असायची आणि तिच्यावर पाणी मारायला माणूस. कूलर निघाले होते, पण त्यांना एक मोटर पंख्याला आणि दुसरी पाण्याला लागे, आणि मोटर म्हणजे सोनं. तुम्ही एकाच मोटरीवर दोन्ही कामं करून दाखवलीत. पुढच्या टोकाला पंखा, मागच्या टोकाला पट्टा, त्या पट्ट्यावर खालच्या टाकीतलं छोटं चाक फिरायचं आणि पाणी उचलून वर वाळ्यावर टाकायचं. पहिल्यांदा चालू केलं तो दिवस मला डोळ्यांसमोर दिसतो आहे. आई धाकट्याला मांडीवर घेऊन समोर बसलीय. घामोळ्यांनी रडून रडून लाल झालेलं ते पोर गप होतं, मग झोपतं. तुम्ही बटण बंद करायला हात नेता आणि आई म्हणते, "नोका बंद करू जी, राहू द्या." इतकं लाडानं ती तुमच्याशी कधी बोललेली मी ऐकलं नव्हतं.

पण पत्रा मिळायचा सरकारी परमिटवर, आणि आपल्या नावावर परमिट होतं बादलीचं. तुम्ही काय केलंत? बादलीच्याच पत्र्यात कूलर बसवायला घेतले. होळीच्या सुमाराला साहेब तपासणीला आले. दुकानात पाच-सहा कूलर ओळीनं उभे. मी दारात, सगळं ऐकते आहे.

"हे काय होय?"

"बादली होय साहेब."

"बादलीले पंखा काहून?"

"उन्हाळा हाये ना साहेब."

अख्खी गल्ली हसली. साहेबही पोट धरून हसले, आणि हसता हसताच आपला पत्रा बंद करून गेले. म्हणाले, कूलर हा नवीन आयटम आहे, यादीत नाही, वेगळा अर्ज करा, मंजूर झाला की पत्रा सोडतो. अर्ज केला तुम्ही. एप्रिल गेला, मे गेला, मृगाचं पाणी पडलं तरी मंजुरी आली नाही. पावसाळ्यात कूलर कोण घेतो? तुम्ही सगळे उसवून त्यांच्या बादल्या केल्यात. एक तेवढा आईनं उसवू दिला नाही. त्यानंतर तुम्ही मरेपर्यंत बादल्याच ठोकल्यात, आणि घरात त्या उरलेल्या कूलरचं नाव पडलं पंख्याची बादली.

आता मी जन्मभर लोकांना काय सांगत आले ते ऐका. मी सांगत आले की माझ्या बापानं दिले नाहीत. साहेबानं हात पसरला, माझ्या बापानं कूलर मोडला, पण टेबलाखालून छदाम सरकवला नाही. सासरी सांगितलं, शाळेत मुलांना शिकवताना सांगितलं. धाकट्याला तर मी हेच सांगून वाढवलं, कारण तुम्ही गेलात तेव्हा तो इतका लहान होता की त्याला तुमचा चेहराही नीट आठवत नाही. आणि हे मी हवेतून नाही काढलं हो. कूलरच्या आदल्या साली साहेब दुकानात आले होते, आपली नवी छोटी बादली हातात घेऊन "बढिया आहे" म्हणाले, आणि मी पोरबुद्धीनं ती त्यांच्या जीपमध्ये नेऊन ठेवली. पाहुणा रिकाम्या हातानं जाऊ नये, असं आईच शिकवायची. जीप गेल्यावर तुम्ही माझा कान असा पिळलात की पाणी आलं डोळ्यांत. म्हणालात, "कोनं सांगतलं होतं तुले वं? आज फुकट देल्ली, उद्यापासून दर खेपेले मागन तो!" बाबा, त्या एका वाक्यावर मी उभी राहिले. फुकट काही द्यायचं नाही, मागणाऱ्याला सवय लावायची नाही, माझा बाप म्हणजे असा माणूस. विहारात पंचशील म्हणताना "न दिलेलं घेणार नाही" या ओळीला तुमचा आवाज सगळ्यांच्या वर जायचा, तो मी अजून ऐकते.

तर बाकावर बसून मी त्या म्हाताऱ्याला सुनवायचंच ठरवलं. म्हटलं, इतक्या वर्षांनी हाती लागलाय, सोडायचा नाही. "साहेब, तुम्ही माझ्या बापाचा कूलर मारला," मी म्हणाले. "त्यानं दिले नाहीत म्हणून."

त्याचा उघडा डोळा मोठा झाला. "कोन म्हन्ते देले नाही? बादलीचं तं दर साली येत होतं तुमच्या घरून. टायमावर. लय सज्जन मानूस." रागावला नव्हता, लाजलाही नव्हता. नातेवाईकांची विचारपूस करावी तसा बोलत होता. "कूलरचंही घेऊन आले होते ना ते. संत्र्याच्या टोपलीत. मीच वापस पाठवलं."

मी बाकावर त्याच्याकडे सरकले. "वापस? तुम्ही?"

"मंग काय करतो? बादलीचं ठरलं होतं, पेटीचं ठरलं होतं, कोठीचं ठरलं होतं. कूलरचं काय घ्यायचं हेच कोनाले माहीत नव्हतं. मी कमी घेतलं असतं तं वरचा साहेब म्हन्ला असता, बाकीचं कुठं गेलं? मी वर विचारलं, वरच्यानं अजून वर विचारलं. ठरूनच नाही राहिलं. तेवढ्यात पानी पडलं." मग तो माझ्याकडे वळून कळवळ्यानं म्हणाला, "मी सांगतलं होतं त्याहिले, भाऊ, जुनंच बनवा, त्याले काही तरास नाही." तेवढ्यात आतून त्याच्या नावाचा पुकारा झाला आणि तो भिंत धरत धरत निघून गेला. मी बसूनच. 

घरी आल्यावर आईला विचारलं. मला वाटलं, ती तरी कानांवर हात ठेवील. ती तांदूळ निवडत होती. न पाहताच म्हणाली, "मंग? सगळेच देत. तुले माहीत नव्हतं?" मी म्हटलं, मला कसं माहीत असणार? तर म्हणते, "तूच तं नेत होती."

बाबा, सांबारवडी! माझ्या सासरी हिलाच कोथिंबीरवडी म्हणतात. शाळेच्या वाटेवर साहेबांचं घर, आणि आई म्हणायची, त्यांच्या घरी आपली सांबारवडी आवडते, एवढा डबा देऊन जा. मी दोन वेण्या घालून, डबा छातीशी धरून, ऐटीत जायची. साहेबांची बायको माझ्या गालाला हात लावायची. मी मैत्रिणींना सांगायची की आमची सांबारवडी साहेब खातात. "वड्याच्या खाली काय होतं वाटते तुले?" आई म्हणाली, आणि पुन्हा तांदूळ निवडायला लागली. मी ओरडले तिच्यावर. विहाराचं काढलं, पंचशीलाचं काढलं. ती म्हणाली, "त्यात घ्यायचं नाही म्हनून हाये. आपन कुठं घेत होतो?"  मी चुलीजवळ जाऊन चहा केला आणि तो तसाच ओतून दिला.

मग एकेक गोष्ट उलटी होऊन दिसायला लागली. माझा कान तुम्ही कशासाठी पिळला होता ते कळलं. वड्यांखालचं वेगळं आणि वर बादली फुकट, ठरलेलं बिघडवलं होतं मी! आणि ती संत्र्यांची टोपली. ती परत आली तेव्हा आम्हाला वाटलं, बाबांनी आमच्यासाठी आणली. मृगबहाराची, उन्हाळ्याच्या तोंडची संत्री, सालं हातात सुटून येणारी. आम्ही अंगणात बसून खाल्ली, बिया एकमेकांना मारल्या, आणि तुम्ही खाटेवर बसून आमच्याकडे पाहत होतात. मी फोड तुमच्या तोंडाशी आणली तर तुम्ही तोंड फिरवलंत. मला वाटलं होतं, दात दुखत असेल.

संताप येतो मला, पण कोणावर करू? तुम्ही द्यायला तयार नव्हता असं असतं तर निदान भांडण तरी झालं असतं. तुम्ही तयार, घेणारा तयार, आणि तरी कूलर मेला, कारण त्या ऑफिसात नव्या वस्तूला भावच नव्हता. मग गल्लीतले सगळे तीच ती बादली का ठोकायचे ते आत्ता माझ्या डोक्यात शिरलं. मी आपली समजत होते, आपल्या लोकांना डोकं चालवायचा आळस आहे. शाळेत मुलांसमोर बोललेही आहे तसं. कूलर आज अख्ख्या नागपुरात घरोघरी आहे, दोन मोटरींचा, आणि तुमचा एका मोटरीचा आपल्या न्हाणीशेजारी पडून आहे. अजून चालतो तो, फक्त वाळा बदलावा लागतो.

आणि आता हे ऐका. तुमचा धाकटा दुकान चालवतो. त्यानं पत्र्याऐवजी फायबरचा कूलर बनवलाय. गंजत नाही, आणि एवढा हलका की आईनं एका हातानं सरकवला. पण आपलं लायसन आहे पत्र्याच्या सामानाचं. नव्या ऑफिसातल्या नव्या साहेबानं त्याला सांगितलं, हा नवीन आयटम आहे, यादीत नाही. पोरगा जानेवारीपासून खेटे घालतो आहे. काल जेवताना त्यानं विचारलं, "ताई, बाबानं काय केलं असतं गा?" गडीमाणसाला म्हणावं तसं मला "गा" म्हणतो, कितीदा सांगितलं तरी ऐकत नाही. पूर्वी हा प्रश्न आला की माझं भाषण तयार असायचं. काल मी पोळीचा तुकडा हातात धरून बसले. आई म्हणाली, "सांबार आनून ठेवला हाये मी." तो हसला, त्याला वाटलं, आई जेवणाचं बोलून राहिली.

आज सकाळी वड्या झाल्या. तोच डबा, झाकणाला पोचा आलेला. वड्या बाजूला ताटात काढून ठेवल्यात, डबा रिकामा आहे आणि तो माझ्यासमोर आहे. मी तुम्हाला जाब विचारायला बसले होते. टपालात टाकायचं नाही हे पत्र, मला माहीत आहे, तेव्हा खरं ते लिहून टाकते. मला जाब नको आहे, बाबा. मला एवढंच विचारायचं होतं की त्या दिवशी संत्र्यांखाली तुम्ही किती ठेवले होते?