कळसूबाईला आम्ही तिघं

३१ ऑक्टोबर

ठरलं! भाऊबीज झाली की कळसूबाई. शेखर म्हणाला, "वरचा सूर्योदय तू बघायलाच हवास. आम्ही दर दिवाळीच्या सुट्टीत जायचो."

आम्ही. म्हणजे तो आणि स्नेहल, त्याची पहिली बायको.

ती जाऊन तीन वर्षं झाली. आमच्या लग्नाला आठ महिने. पण या 'आम्ही'त मी अजून नाही. गेलेल्या बाईशी भांडताही येत नाही — उलटून बोलतच नाही ती!

१ नोव्हेंबर

लक्ष्मीपूजन. तिच्या फोटोला हार मीच घातला. शेखर म्हणाला, "छान दिसतोय." हारच ना? विचारलं नाही.

४ नोव्हेंबर, बारी

घोटीत चहा, मग बारी — डोंगराच्या पायथ्याचं गाव. मुक्काम भागीबाईंच्या घरी. शेखरची जुनी ओळख. म्हातारी धावत आली, माझ्या पलीकडे गाडीत डोकावली. "स्नेहलताई कुठंय? अन् ह्या कोण?"

शेखर बुटाची नाडी सोडत बसला! तो तीन वर्षांत इकडे फिरकलाच नव्हता, बाईला कसं कळणार? शेवटी मीच सांगितलं, "मावशी, त्या गेल्या. आजारी होत्या. मी शुभांगी. यांची बायको."

भागीबाई ओट्यावर बसून रडली. "लय गुणाची पोर व्हती." मी बॅगा धरून उभी. परकं अंगण, परकी बाई, आणि रडतेय माझ्या सवतीसाठी. सवत! लिहून गेले. असू दे.

जेवताना म्हणाली, "तिला माझा ठेचा लय आवडायचा."

मी ठेचा घेतला नाही.

५ नोव्हेंबर

अंधारातच निघालो. गार वारा, लोखंडी शिड्या. प्रत्येक शिडीला शेखर हात पुढे करायचा. सवयीचा हात! ही सवय कुणामुळे लागली, तेवढंच डोक्यात. दोनदा झिडकारला.

वर देवीचं छोटंसं देऊळ. कॉलेजची पोरं मोबाईल सरसावून तयार. पूर्व लाल झाली, मग सूर्याची कड दिसली. पोरांनी देवीचा जयजयकार केला. माझ्याही अंगावर काटा आला — खोटं कशाला लिहू? शेखरकडे वळले, तर त्याच्या डोळ्यांत पाणी.

झालं! माझा सूर्योदय तिथेच संपला. सूर्याकडे पाठ करून बसले. समोर खालच्या शेतांवर डोंगराची लांबच लांब सावली.

"इकडे काय बघतेस?"

"काही नाही."

उतरल्यावर तो आंघोळीला गेला. मी चुलीपाशी. राहवेना. विचारलंच, "स्नेहल भराभर चढायची का हो?"

भागीबाई हसली. "कुठली! पहिल्या शिडीलाच गरगरायचं तिला. एकदाबी वर गेली नाय. शेखरभाऊ वर, अन् आम्ही दोघी हितं. उजाडस्तोवर गप्पा. लय हसवायची!"

एकदाही नाही! आणि मी प्रत्येक पायरीवर तिला माझ्या पुढे चढताना बघत होते.

परतताना गाडीत भडकले. "सांगितलं का नाहीस?"

"तू विचारलंस कुठे?"

"मग वर रडलास कशाला?"

घोटी मागे पडली, तेव्हा म्हणाला, "खाली आलो की ती विचारायची, आज कसा उगवला? सगळं सांगायला लावायची. आज बघता बघता मनात तेच जुळवायला लागलो. मग आठवलं."

म्हणजे त्याच्याबरोबर तो सूर्योदय बघणारी मी एकटीच. तरी जळफळाट कमी नाही — उलट वाढलाच! मी शेजारी बसले होते, आणि त्याचं बोलणं चाललं होतं तिच्याशी.

७ नोव्हेंबर

भाजीत मीठ जास्त पडलं. पडलं कसलं, टाकलं. शेखर मुकाट जेवला.

१० नोव्हेंबर

शेखर म्हणाला, "पुढच्या दिवाळीत समुद्रावर जाऊ. कळसूबाई नको."

म्हटलं, "कळसूबाईच. तू जा वर. मी खाली भागीबाईंपाशी बसते. स्नेहल काय बोलून हसवायची, ते विचारायचंच राहिलं."