अर्ध्यावर आटवलेलं पाणी

९ मार्च

रात्रभर पाऊस — आणि सकाळी बागेत उतरलो तर बुटांना चिखल नाही! लंडनला, इल्फर्डच्या जुन्या घरी, एवढ्या पावसात मागच्या अंगणात तळं साचायचं, माझी बायको आशा खिडकीतून त्यात पक्षी मोजायची. इथलं पाणी गेलं कुठे? खाली. सरळ खाली.

वरदा फोनवर म्हणाली होती, "बाबा, तिकडे एकटा काय करणार? इकडे या. बाग मोठा आहे." बाग मोठी म्हणायला हवं, पण इंग्लंडात जन्मलेल्या माझ्या लेकीच्या तोंडी मोठाच गोड वाटतो. तिने आणि नीलने हे घर गेल्या सप्टेंबरात घेतलं, श्रॉपशरमध्ये, नदीच्या वरच्या अंगाला. नील इथून ट्रेनने बर्मिंगहॅमला बँकेत जातो. नळाला पाणी परसातल्या विहिरीचं, पंपाने येतं.

घर बसलंय ते एका ओट्यावर. देवाने बांधलेला ओटा! हिमयुग सरताना बर्फ वितळला, त्याचे लोंढे सुटले आणि गोटे, रेती, खडी इथे पसरत गेले. मग नदीने स्वतःच ते कापलं आणि खाली जाऊन वाहू लागली. अशा ओट्यांचे नकाशे करण्यात माझी उमर गेली. आता म्हातारपणी त्यावरच निजायला आलो.

नात गुणी आहे. दिया. अडीच महिन्यांची, मी तिला पहिल्यांदाच पाहतोय. रडत नाही, नुसती निजते. दुपारी तिच्याकडे बघता बघता वाईच्या शाळेतले पुरुषोत्तम मास्तर आठवले. डोळे मिटून, टेबलावर ताल धरून कविता म्हणायचे आणि आम्ही चाळीस पोरं मागून. त्याच चालीत सुचलं —

ओठांवर कुणी तिच्या
जांभळाची साय लावी,
निजलेल्या आभाळाला
कोण आता हाक देई?

बरं जमलंय. आशा असती तर म्हणाली असती, पुरे.

१२ मार्च

दियाच्या नावाने सफरचंदाचं झाड लावायचं ठरलं. खड्डा मीच खणला, हळूहळू. कुदळ दर घावाला खणखणते, गोट्यांवर.

खड्डा नीट झाल्यावर कड तासून पाहिली. जुनी सवय. वर तपकिरी थर, मुळांनी भरलेला. त्याखाली फिकट. मग नुसती रेती नि गोटे, नदीने घासून अंड्यासारखे केलेले. पाणी धरणारं काही नाही. हाक मारली तर खालपर्यंत जाईल अशी माती.

वरच्या थराला नाव द्यावं म्हणून चिमूट ओली केली आणि बोटांत चोळली. काही कळेना! डायबेटिसने बोटांची टोकं बधिर केलीत. रेती की गाळ, चिकण किती — जे मी अंधारातही सांगायचो, ते बोटं सांगेनात. घाबरलो. मग माती-सर्व्हेच्या नोकरीतली दुसरी रीत आठवली. कण दातांत धरला. करकर वाजली की रेती, साबणासारखं गुळगुळीत लागलं की गाळ, चिकटून बसली की चिकणमाती. करकर भरपूर, गुळगुळीत थोडं, चिकट जेमतेम. खडेमिश्रित पोयटा. तपकिरी मातीच्या वर्गात, निचरा अति. दातांनी सांगितलं!

थुंकून वर पाहिलं तर स्वयंपाकघराच्या खिडकीत वरदा. हात तोंडावर.

१३ मार्च

जिन्यावरून ऐकलं. ऐकायला नको होतं.

"नील, ही इज ईटिंग सॉइल. आय सॉ इट. तो माती तोंडात घातला आणि हसला."

नील म्हणाला, काहीतरी कारण असेल गं. ती म्हणाली, गूगल कर.

मी हसलो होतो का?

१६ मार्च

नीट लिहितो.

कुंपणापलीकडच्या शेतात बटाट्याची तयारी. काल शेणकाल्याचा टँकर फिरला, आज खताचं यंत्र. वास घरात भरला. नील खिडक्या लावत हसला, "बाबा, कंट्री लाइफ!" मी कुंपणाशी उभा राहून ते पांढरे दाणे पडताना पाहिले, आणि वर ढग. पाऊस येणार. आणि माती तीच. शेताखालीही हाच ओटा, हेच गोटे. पडेल ते विरघळून सरळ खाली. खाली काय आहे? आमच्या विहिरीचं पाणी.

घरात आलो. गॅसवर विहीणबाईंचं पातेलं. प्रमोदिनीताई, नीलची आई, पुण्याहून फेब्रुवारीत आल्या त्या बाळासाठी. वरदाला दूध पुरत नाही, म्हणून डब्याची पावडर. तिचं पाणी मात्र त्यांच्या हातचं! मंद आचेवर ठेवतात, अर्ध्यावर आलं की उतरवतात. "आटवलेलं पाणी पचायला हलकं, व्याहीबुवा. नीलला मी यावरच वाढवलंय." मी रोज ऐकतो. आज पातेल्याच्या कडेला पाण्याची उतरलेली रेघ दिसली.

खतातलं नायट्रेट. उकळून जात नाही. पाणी उडून जातं, ते राहतं. अर्ध्यावर आणलं की दुप्पट. मोठ्यांना काही होत नाही. तान्ह्या पोटात मात्र ते रक्ताला असं बिघडवतं की रक्त प्राणवायू धरेनासं होतं. असल्या ओट्यांवरच्या उथळ विहिरींबद्दल आम्ही लोकांना बजावत असू — बाटलीच्या बाळाला हे पाणी नको. बाळ निळं पडतं.

निळं.

वर धावलो. ती निजलेली. ओठ तसेच.

ती कविता मी खोडली. कागद फाटेपर्यंत खोडली.

१७ मार्च

जेवताना सांगितलं सगळं. शांतपणे सांगायचं ठरवलं होतं, आवाज चिरकला.

नीलने घर घेतानाचा पाण्याचा रिपोर्ट काढला. सगळं ठीक! मी म्हटलं, तो सप्टेंबर. उन्हाळाभर काही झिरपलेलं नसतं. हिवाळ्याचा पाऊस शेतात उरलेलं सगळं खत धुऊन खाली नेतो, मग मार्चचं पाणी निराळं. त्याने मान हलवली, समजून घेतल्यासारखी. आजारी माणसापुढे हलवतात तशी.

विहीणबाईंना म्हटलं, मिठाचं पाणी आटवलं तर मीठ उडून जातं का? त्या ताठ झाल्या.

"म्हणजे मी नातीला विष पाजते म्हणा की."

"तसं नाही हो. माती—"

"तुमची माती तुम्हीच खा!" मग त्यांनाच वाईट वाटलं असावं, कारण वाढताना पोळीवर तूप जास्त घातलं. दियाला उचलून म्हणाल्या, "आमची घनश्यामच आहे ती. आजोबांना कळत नाही, नाही गं?"

वरदा एवढंच म्हणाली, "बाबा, हेल्थ व्हिजिटरने पाहिलं होतं. फाइन म्हणाली. प्लीज घाबरवू नका मला."

हेल्थ व्हिजिटर, घरी येऊन बाळ तपासणारी नर्स, फेब्रुवारीच्या सुरुवातीला आली होती. विहीणबाई यायच्या आधी.

१८ मार्च

हे मी खरंच शिकलो होतो, की आता रचतोय? पुस्तकं इल्फर्डहून येताना वाटून टाकली. विचारायला जुना कोणी उरला नाही. एखाद्याचं डोकं जातं तेव्हा त्याला आतून असंच वाटत असेल — की आपण एकटेच शहाणे.

परवा कुलूप लावलं की नाही हे तीनदा पाहिलं होतं. तेही खरंच.

१९ मार्च

पातेलं ओतून दिलं. गावातल्या दुकानातून बाटलीबंद पाणी आणलं होतं, खोकं उचलताना धाप लागली, ते पातेल्यात भरत होतो तेवढ्यात विहीणबाई आल्या. त्यांच्या हाताचा धक्का की माझा, पाणी सगळं फरशीवर. त्या घाबरून किंचाळल्या. वरदा आली, बाळ छातीशी. मी म्हटलं, हे वापर, माझ्यासाठी वापर! ती मागे सरली. माझी पोरगी मला पाहून मागे सरली.

बाटल्या गॅरेजमध्ये ठेवल्यात. संध्याकाळी नील म्हणाला, बाळाजवळ एकटं नका थांबू बाबा, सध्यापुरतं.

२० मार्च

दाराच्या फटीतून पाहतो. दिया आज रडली नाही. एकदाही. विहीणबाई फोनवर पुण्याला सांगत होत्या, अशी शहाणी पोर बघितली नाही.

२१ मार्च

वरदाने माझ्यासाठी जीपीची, इथल्या फॅमिली डॉक्टरची, वेळ घेतली आहे. स्मृतीची तपासणी. सांगताना टेबलावरचा टॉवेल घडी घालत-मोडत राहिली.

मी म्हटलं, येईन. जे विचारतील त्याची उत्तरं देईन. जे ठरवतील ते मान्य. तुला मला कुठे ठेवायचं असेल तर तेही मान्य.

"बाबा, असा काय बोलता."

"एकच अट. दियाला बरोबर घ्यायचं."

ती म्हणाली ती झोपेल, आजी आहेत, कशाला उगाच. मी म्हटलं, मग मी नाही. लहान मुलासारखा हट्ट! तिने माझ्याकडे पाहिलं. मला वाटतं, तिला रडू येत होतं. बरं म्हणाली.

२२ मार्च

लिहायचं आहे, म्हणजे खरं घडलं हे उद्या मला कळेल.

डॉक्टरीणबाई तरुण, केस मानेवर बांधलेले. आज वार कोणता, महिना कोणता. शंभरातून सात वजा करत जा. एक पत्ता लक्षात ठेवायला दिला. मी सांगत होतो, पण डोळे दियाच्या निजायच्या टोपलीवर. वरदाने ती खिडकीखाली ठेवली होती. घरात तिच्या खोलीला कायम पडदे, दिवा पिवळा. इथे पांढरा, उघडा उजेड.

मग मातीचं विचारलं. का खाता? मी सांगितलं, खात नाही, वाचतो. बोटं गेली, दात उरलेत. त्या हसल्या, छान हसल्या. वरदाने मान खाली घातली.

मी म्हटलं, डॉक्टर, माझी जीभ नका बघू. तिचे ओठ बघा.

त्या उगाच माझं मन राखायला उठल्या. टोपलीशी वाकल्या. हसू तसंच होतं — मग नव्हतं. बाळाचं पांघरूण बाजूला केलं, नखं पाहिली. आवाज अगदी हळू झाला.

"हाऊ लाँग हॅज शी बीन धिस कलर?"

वरदाने मराठीत उत्तर दिलं. डॉक्टरांना! "ती अशीच आहे. ती सावळा आहे."

त्यांनी बाळाच्या पायाला काहीतरी चिमट्यासारखं लावलं, आकडा बघितला आणि फोन उचलला. दुसऱ्या हाताने मला खूण केली — बोला. मी बोललो. ओटा, गोटे, शेत, विहीर, पातेलं. कधी नव्हे ते एकही शब्द अडखळला नाही. त्या तेच फोनमध्ये सांगत गेल्या.

अँब्युलन्समध्ये एकालाच जागा होती. वरदा चढली. दार लागताना तिने माझ्याकडे पाहिलं ते मला लिहिता येत नाही.

२३ मार्च

नीलही हॉस्पिटलात. घरात मी आणि विहीणबाई. त्यांनी पातेलं घासून घासून लख्ख केलंय आणि पुढ्यात घेऊन बसल्यात.

"व्याहीबुवा, अर्ध्याच्याही खाली आणायची मी. जास्त हलकं होईल म्हणून."

मी म्हटलं, शेतानं घातलं, पावसानं आणलं, मातीनं अडवलं नाही. तुम्ही एकट्या नव्हता. गॅरेजमधलं बाटलीचं पाणी आणून त्यांना चहा करून दिला. त्यांनी घेतला नाही. मग मीही घेतला नाही.

फोन वाजत नाही.

२५ मार्च

शिरेतून औषध दिलं म्हणे, रंगाने गडद निळं. निळ्यावर निळाच उतारा! आज भेटायला सोडलं. नील मला घेऊन गेला. वॉर्डात ओळीने कॉट. पहिल्या कॉटमध्ये एक गुलाबी मूल लालबुंद होऊन किंचाळत होतं, पाय झाडत होतं, सगळा वॉर्ड डोक्यावर घेतला होता. कौतुक वाटलं. त्याला ओलांडून मी पुढे निघालो, दिया शोधत. मागून वरदाने माझी बाही धरली.

"बाबा, कुठे चालला? ही. ही आपली आहे."