प्लाझ्मातली विभूती

उद्यमनगर, कोल्हापूर
दसऱ्यानंतरचा गुरुवार, २००६

तीर्थरूप रुद्राप्पामामांस,
भाचा राजशेखर याचे शरणु शरणार्थी. गुडघे कसे आहेत? कुरुंदवाडची हवा मानवली ना? मामींना नमस्कार.

गेल्या खेपेला मी म्हणालो होतो की मामा, आता डोळ्यांचे दिवस संपले. (तुम्ही चाळीस वर्षे फौंड्रीत ठिणगीचा रंग बघून धातू ओळखलात, तरी म्हणालो.) आमचे यंत्र झिजलेल्या व्हॉल्व्हवर लेझरने नवा मिश्रधातू चढवते. तेव्हा वर जी लखलखीत ज्योत उठते, तिला प्लाझ्मा म्हणतात. तिच्या उजेडावरून खालच्या मिश्रधातूची घडण कधी बदलली, हे संगणक सांगतो. सात वर्षे मी त्याला हेच शिकवतो आहे.

परवा पुण्याचे गिऱ्हाईक आले. नमुन्याच्या तुकड्यावर लेझर पडला आणि ज्योत एकदम तांबूस झाली. संगणक म्हणाला, घडण एका सेकंदात चौदा वेळा बदलली! मी ताठ मानेने जाहीर केले की ही मिश्रधातूची आजवर कुणी न पाहिलेली अवस्था आहे, आणि घाईघाईत तिला तुमचे नाव देऊन टाकले. पाहुणे लिहून घेत होते. एवढ्यात मालकांच्या आई बसव्वा दारातून ओरडल्या, "आरं, कसली अवस्था? खंडेनवमीला मीच त्या तुकड्याला विभूती फासलीया की! यंत्राला लावायची आन् त्याला न्हाय व्हय?"

तो तांबूस रंग राखेतल्या चुन्याचा होता, मामा. अशी लाज आयुष्यात वाटली नव्हती. मालक सोमशेखर एवढेच म्हणाले, "सोमवारी पुन्हा दाखवा. न्हाय जमलं तर यंत्र बी परत आन् तुमी बी." आता तुकडा धुतला आहे, संगणक ठणठणीत आहे, काळजी नसावी. सहज खुशाली कळवावी म्हणून लिहिले.

आपला,
राजशेखर

ता. क. रविवारी मुक्कामालाच या. शांभवी कटाची आमटी करणार आहे.

ता. क. संगणक ठणठणीत आहे असे वर लिहिले आहे. तो नाही. विभूती नसतानाही चौदाच सांगतो. सोमवारी तुम्ही काळा चष्मा लावून यंत्रापाशी बसा आणि ज्योतीचा रंग बदलला की फक्त खोका. मी पडद्याकडे बघून, संगणकानेच सांगितल्यासारखी, मान हलवीन. सात वर्षे यंत्राला शिकवण्यात गेली, मामा. तुमच्याकडून स्वतः शिकायचे तेवढे राहून गेले.